‘द पॉपी वॉर’ आणि महाविद्यालयीन वाचक : योग्यायोग्यतेचा विचार

महाविद्यालयीन ग्रंथालयासाठी एखादी कादंबरी योग्य आहे की नाही, याचा निर्णय पुष्कळदा ती न वाचताच होतो. कुणीतरी सांगते की पुस्तकात मारामारी फार आहे, दुसरे कुणी सांगते की मुले आवडीने वाचतात, आणि या दोन वाक्यांवर प्रश्न निकालात निघतो. आर. एफ. क्वांग यांच्या ‘द पॉपी वॉर’ या इंग्रजी कादंबरीच्या बाबतीत ही पद्धत विशेष अपुरी ठरते. मे 2018 मध्ये हार्पर व्हॉयेजर या प्रकाशनसंस्थेने ती प्रसिद्ध केली. लेखिकेचा जन्म 1996 साली चीनमधील ग्वांगझो येथे झाला आणि बालपणीच ती कुटुंबासह अमेरिकेत स्थायिक झाली. ‘द ड्रॅगन रिपब्लिक’ (2019) आणि ‘द बर्निंग गॉड’ (2020) हे तिचे पुढील दोन भाग होत. पहिल्याच कादंबरीला 2019 साली क्रॉफर्ड पुरस्कार मिळाला. प्रकाशकाने ती प्रौढांसाठी लिहिलेली अद्भुतरम्य कादंबरी म्हणूनच बाजारात आणली होती. परंतु नायिका किशोरवयीन, अनाथ, प्रवेशपरीक्षा देणारी आणि पुढे नामांकित विद्यालयात शिकणारी असल्यामुळे असंख्य वाचक तिची गणना किशोर-तरुण वाङ्मयातच करतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याच्या हाती ती पडते ती याच समजुतीने.

या प्रकारच्या कादंबऱ्यांना ‘आशियाई प्रेरणेच्या’ असे संबोधण्याचा प्रघात पडला आहे. हे लेबल इतके सैल आहे की त्यात कोरिया, जपान, चीन, व्हिएतनाम सारेच कोंबले जाते. प्रस्तुत कादंबरीत मात्र पडदा फार पातळ आहे. निकान साम्राज्य म्हणजे चीन, मुगेन म्हणजे जपान, हेस्पेरिया म्हणजे पाश्चात्त्य सत्ता, हे पहिल्या शंभर पानांतच ध्यानात येते. सम्राज्ञी सू दाजी, नेजा, जियांग ही नावे मिंग काळातील ‘फंगशन यानयी’ या देवदानवांच्या प्रसिद्ध कथाग्रंथातून आलेली आहेत. युद्धशास्त्राचा आचार्य सुनझी तर नाव न बदलताच कादंबरीत येतो. ज्या घरांतून अमीर हमजाची दास्तान आणि तिलिस्म-ए-होशरुबा यांची नावे कानावर पडत आली आहेत, तेथील वाचकाला मंत्र, देवता आणि मायावी युद्ध यांचे वावडे असण्याचे कारण नाही. प्रश्न अद्भुताचा नाही. अद्भुताच्या आडून कोणती भावना वाचकाच्या मनात रुजवली जाते, याचा आहे.

कथा थोडक्यात अशी. फांग रुनिन, अर्थात रिन, ही युद्धात अनाथ झालेली मुलगी दक्षिणेकडील टिकानी या दरिद्री गावात एका अफूविक्रेत्या कुटुंबात वाढते. वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या एका अधिकाऱ्याशी तिचे लग्न ठरवले जाते. त्यातून सुटण्याचा एकच मार्ग तिला दिसतो, तो म्हणजे साम्राज्यव्यापी ‘केजू’ परीक्षा. दोन वर्षे अभ्यास करून ती प्रांतात पहिली येते आणि सिनेगार्ड या सर्वश्रेष्ठ युद्धविद्यालयात प्रवेश मिळवते. तेथे तिचा सावळा रंग आणि दक्षिणी हेल यांची थट्टा होते. जियांग नावाचा विक्षिप्त गुरू तिला देवतांशी संपर्क साधण्याची विद्या शिकवतो. मग मुगेनचे आक्रमण होते, विद्यालय रिकामे होते, आणि अग्निदेवता फिनिक्सची शक्ती अंगी असलेल्या जमातीची रिन ही वंशज असल्याचे उघड होते. या जमातीचे स्पीर हे बेट मुगेनने पूर्वीच्या युद्धात निर्मनुष्य केलेले असते. अखेरीस रिन देवतेशी सौदा करते आणि मुगेनचे अवघे बेट ज्वालामुखीच्या आगीत नष्ट करते. सैनिक, शेतकरी, मुले, सगळेच.

पुस्तकाच्या योग्यायोग्यतेची चर्चा बहुधा एकविसाव्या प्रकरणापाशी अडते. मुगेनचे सैन्य गोलिन नीस हे शहर काबीज करते आणि तेथे जे घडते त्याचे वर्णन या प्रकरणात आहे. त्यामागे नानजिंगचा इतिहास आहे. 13 डिसेंबर 1937 रोजी जपानी सैन्य त्या शहरात शिरले आणि पुढील सुमारे सहा आठवडे कत्तल, लूट व स्त्रियांवरील अत्याचार चालू राहिले. टोकियो येथील युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने मृतांची संख्या दोन लाखांहून अधिक मानली, चीनचा अधिकृत आकडा तीन लाखांचा आहे. त्याचप्रमाणे कादंबरीतील डॉ. शिरो आणि त्याची प्रयोगशाळा यांमागे हार्बिनजवळच्या पिंगफांग येथील युनिट 731 आणि तिचा प्रमुख शिरो इशी हे उघडपणे उभे आहेत. जिवंत माणसांवर प्रयोग करणाऱ्या या मंडळींना अमेरिकेने त्यांच्याकडील माहितीच्या बदल्यात खटल्यापासून अभय दिले, हेही येथे नमूद करावयास हवे.

या प्रकरणाचे वाचन अत्यंत क्लेशकारक आहे, यात शंका नाही. तरीसुद्धा ते चवीने लिहिलेले नाही. अत्याचार घडत असताना वाचकाला तेथे उभे केले जात नाही. रिन पोहोचते तेव्हा सारे संपलेले असते आणि उरलेले असतात ते पुरावे. वेंका या तिच्या वर्गमैत्रिणीवर जे गुदरले ते वेंकाच स्वतःच्या तोंडून, तुटक वाक्यांत सांगते. पीडितेला बोलू देणे आणि तिच्याकडे नुसते पाहणे यांतला फरक लेखिकेला कळतो. हे प्रकरण वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये, विशेषतः मुलींच्या वर्गात तर मुळीच नाही. पण ते वाचून कुणा विद्यार्थ्याच्या मनात क्रौर्याविषयी आकर्षण निर्माण होईल, अशी भीती अनाठायी वाटते. ज्या गोष्टीपासून वाचक दचकून मागे सरतो, ती त्याला सहसा बिघडवत नाही.

खरी चिंता वाटावी अशी जागा पुस्तकाच्या अगदी प्रारंभी आहे, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. केजूचा अभ्यास करताना झोप येऊ नये म्हणून रिन हातावर मेणबत्तीचे तापलेले मेण पडू देते. दंडावर भाजल्याचे व्रण उठतात. हे व्रण कथेत लाजेची नव्हे, तर अभिमानाची खूण म्हणून येतात. कारण परीक्षेत ती पहिली आलेली असते. चिनी परंपरेत याला जुना आधार आहे. झोप लागू नये म्हणून केस आढ्याला बांधणारा सुन जिंग आणि मांडीत टोच्या खुपसणारा सू चिन यांच्या कथा तेथील मुलांना पिढ्यानपिढ्या आदर्श म्हणून सांगितल्या गेल्या. तेराशे वर्षे चाललेली आणि 1905 साली बंद झालेली ती परीक्षापद्धती अशा कथांवरच पोसली होती. तेव्हा हा प्रसंग लेखिकेच्या मनाचा खेळ नाही. तो इतिहासातून आलेला आहे. पण तो वाचणारा येथील विद्यार्थी ‘नीट’ची दुसऱ्यांदा तयारी करीत असतो, अथवा राज्याच्या प्रवेशपरीक्षेसाठी पहाटे चारचा गजर लावून बसलेला असतो, आणि त्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पहिलाच असतो. गोलिन नीसमधील प्रेते त्याला परकी वाटतील. मेणाचा चटका त्याला आपला वाटेल. रिनच्या जागी तो स्वतःला कल्पील ते येथेच, आणि शिक्षकाने पुस्तक थांबवून बोलावयास हवे तेही येथेच.

दुसरी जागा याहून नाजूक आहे. सिनेगार्डमध्ये रिनला पहिली पाळी येते. अभ्यास आणि सराव यांत दर महिन्याला खंड पडेल, या धास्तीने ती चिकित्सालयात जाते आणि गर्भाशय कायमचे निकामी करणारे औषध मागून घेते. दोन-तीन पानांत प्रसंग आटोपतो. वेदना होतात, ती पुन्हा तालमीला जाते. येथे कथेचा वेग लेखिकेच्या विचारशक्तीवर मात करतो. इतक्या कोवळ्या वयात घेतलेल्या अशा निर्णयाला विद्यालयातील एकही वडीलधारे माणूस अडवीत नाही, आणि कादंबरीही त्याकडे बराच काळ वळून पाहत नाही. स्त्रीने शिकावयाचे असेल तर तिने स्वतःचे शरीर शत्रू मानावे, असा अर्थ एखादी सतरा वर्षांची मुलगी त्यातून काढू शकते. लेखिकेला तो अभिप्रेत नसावा. पण वाचकाच्या हाती लेखिकेचा हेतू पडत नाही, पाने पडतात.

या दोन्ही प्रसंगांचे शेवटाशी असलेले नाते लक्षात घेतले, तर मात्र पुस्तकाविषयीचे मत बदलू लागते. रिन पहिल्या प्रकरणापासून एकच धडा शिकत आलेली आहे, की वेदना सोसली की सामर्थ्य मिळते. मेणाने हात भाजला तेव्हा परीक्षा मिळाली. गर्भाशय दिले तेव्हा विद्यालय टिकले. रोज डुकराचे पिल्लू पाठीवर घेऊन डोंगर चढल्यावर, ते पिल्लू वाढत गेले तसे तिचे बळही वाढले (हा या अंधाऱ्या पुस्तकातील क्वचित आढळणारा विनोदी भाग). मग अग्निदेवता जेव्हा सामर्थ्याच्या मोबदल्यात आहुती मागते, तेव्हा रिनला त्यात काही नवे वाटत नाही. फरक एवढाच की आता जळणारे शरीर तिचे नसते. दंडावरच्या मेणापासून पेटलेल्या बेटापर्यंतची ही रेषा सलग आहे, आणि ती कादंबरीने जाणूनबुजून आखली आहे. वाचकाने पहिल्या भागात ज्या जिद्दीला दाद दिली, तीच जिद्द शेवटच्या भागात नरसंहार करते. आपण कशाला टाळ्या वाजवत होतो, हा प्रश्न वाचकाला पडावा, अशी ही रचना आहे. अननुभवी वाचकाला तो पडेलच याची मात्र खात्री देता येत नाही.

अफूविषयी असेच म्हणता येईल. देवतेपर्यंत पोहोचण्यासाठी पात्रे अफूचा व तत्सम पदार्थांचा वापर करतात. वरवर पाहता ही मादक पदार्थांची भलामण वाटते. पण रिनचा आदर्श असलेला आल्तान, स्पीरच्या संहारातून वाचलेला तरुण सेनानी, याची कथा नीट वाचली की उलट चित्र दिसते. शत्रूच्या प्रयोगशाळेत लहानपणीच त्याला अफूची सवय लावली गेली. त्याच्या जमातीचा उपयोग साम्राज्याने केवळ शस्त्र म्हणून केला आणि त्याच्या क्रोधाचा उपयोग सारेच करीत राहिले. व्यसन आणि पारतंत्र्य यांचे नाते इतक्या स्पष्टपणे मांडणारे पात्र तरुणांसाठीच्या इंग्रजी वाङ्मयात विरळाच. वर्गचर्चेसाठी संपूर्ण कादंबरीतून एकच पात्र निवडावयाचे झाल्यास ते आल्तानचे निवडावे.

कादंबरीचा सर्वांत मोठा दोष मुगेनच्या चित्रणात आहे. सहाशेच्या आसपास पानांच्या या ग्रंथात मुगेनच्या एकाही सामान्य माणसाला चेहरा नाही. त्यांचे सैनिक टोळधाडीसारखे येतात, त्यांचा शास्त्रज्ञ राक्षस आहे, आणि त्यांचे शेतकरी, दुकानदार, आया केवळ शेवटी, जळताना, एका वाक्यापुरते अस्तित्वात येतात. रिनला ते माणूस वाटत नाहीत हे कथेच्या दृष्टीने ठीक आहे. पण कादंबरीलाही ते माणूस वाटू नयेत, ही उणीव आहे. ती भरून काढण्याचे काम किताय या एकट्या मित्रावर सोपवलेले आहे. रिनने काय केले हे समजल्यावर तो हादरतो, तिने निरपराधांना मारले असे तिला तोंडावर सांगतो आणि तिला सोडून जातो. किताय स्वतः गोलिन नीसमधून जिवंत निघालेला आहे, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आहे. सूड घेण्याचा अधिकार ज्याला सर्वांत अधिक, तोच सूड नाकारतो. परंतु हा प्रसंग फार थोड्या पानांत संपतो. हिरोशिमाची आठवण करून देणाऱ्या घटनेनंतर वाचकाला थांबावयास इतकी कमी जागा देणे, हे त्या घटनेला साजेसे नाही. पुढील दोन भागांत या कृत्याचे परिणाम रिनचा पिच्छा सोडत नाहीत. तिच्या वाटचालीमागे माओ झेडाँगच्या जीवनाचा आराखडा असल्याचे लेखिकेने स्वतः सांगितले आहे. पण पहिला भाग वाचून थांबणारा विद्यार्थी मनात रिनचा आवेश घेऊन उठतो, पश्चात्ताप नव्हे.

इतिहासाच्या शिक्षकाला आणखी एक गोष्ट खटकेल. ज्या युद्धांना कादंबरीत अफूचे नाव मिळाले आहे, ती युद्धे मुगेनशी झालेली आहेत. प्रत्यक्षात अफूची दोन युद्धे (1839 ते 1842 आणि 1856 ते 1860) चीनवर लादली ती ब्रिटनने, दुसऱ्यात फ्रान्सही सामील होता. 1930 नंतर मांचुरियात जपाननेही अफूचा व्यापार केला, हे खरे. तथापि दोन शतकांतील दोन आक्रमकांचे असे एकत्रीकरण केल्याने पहिल्याचा अपराध दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर या भागांतील शिक्षकांना तर हा विषय पुस्तकाबाहेरचा वाटण्याचे कारणच नाही. चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा माळव्याचा होता. होळकर आणि शिंदे यांच्या मुलखांत ती पिकत असे. कंपनीने नाकेबंदी केली तेव्हा ती सिंधमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला जाई. 1830 नंतर परवाने देऊन आणि कर घेऊन ती मुंबई बंदरातून जाऊ लागली, आणि 1843 मध्ये सिंध ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यावर चोरवाट बंद झाली. मुंबईतील कित्येक मातब्बर घराण्यांची भरभराट या व्यापारावर झाली. जमशेटजी जिजीभॉय हे त्यांतील सर्वपरिचित नाव. चीनकडे होणारी निर्यात थांबली ती 1913 साली. मंदसौर आणि नीमच जिल्ह्यांत औषधांसाठी परवान्याने अफूची शेती आजही होते. रिनच्या गावातील अफूची पुडी जेथून निघू शकली असती, त्या मातीवर बसून हे पुस्तक शिकवताना एवढे तरी सांगितले गेलेच पाहिजे. लेखिकेने पुढे ‘बेबल’ (2022) या कादंबरीत ब्रिटनची जबाबदारी थेट मांडली आणि त्यात कलकत्त्याहून ऑक्सफर्डला आलेला रमीझ मिर्झा हा मुस्लिम विद्यार्थी प्रमुख पात्रांत ठेवला, यावरून ही त्रुटी तिच्या ज्ञानातील नसून पहिल्या कादंबरीच्या रचनेतील असावी, असे दिसते.

त्याच युद्धाशी मराठी माणसाचा एक निराळा संबंधही आहे. 1938 साली काँग्रेसने चीनमध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. जपानी आक्रमणात होरपळणाऱ्या उत्तर चीनमध्ये त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, तेथील परिचारिका गुओ चिंगलान हिच्याशी विवाह केला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच प्राण सोडला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये चित्रपट काढला. रिन आणि कोटणीस यांच्यासमोर अत्याचार एकाच जातीचा होता. कादंबरीच्या बरोबरीने कोटणिसांचे चरित्र विद्यार्थ्याला दिले, तर कितायच्या तोंडी अपुरे राहिलेले पुष्कळसे त्यात सापडते.

अकरावी-बारावीच्या वर्गासाठी मात्र दुसरे पुस्तक सुचवावेसे वाटते. जपानी लेखिका नाहोको उएहाशी यांची ‘मोरिबितो’ ही 1996 मधील कादंबरी कॅथी हिरानो यांच्या इंग्रजी अनुवादाने 2008 मध्ये उपलब्ध झाली. लेखिकेला 2014 साली हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. त्या पेशाने मानववंशशास्त्रज्ञ आहेत, आणि ते कथेत उतरले आहे. बाल्सा ही तिशीतील भालाईत स्त्री एका राजपुत्राचे रक्षण करते. त्याला वाचवण्याची किल्ली असते ती जिंकल्या गेलेल्या याकू लोकांच्या, विसरत चाललेल्या लोककथांत. राज्याचा अधिकृत इतिहास आणि पराभूतांची आठवण यांत तफावत का पडते, हे ती कथा एकाही प्रेताचे वर्णन न करता शिकवते. बाल्साही युद्धातच वाढली आहे. पण मारण्याचे कसब अंगी असूनही ती शक्यतो मारत नाही, आणि एवढ्यानेच कथेतील ताण शेवटपर्यंत टिकतो. ‘द पॉपी वॉर’इतकी ती थरारक नाही. पहिली पन्नास पाने संथ आहेत, हेही कबूल करावयास हवे.

‘द पॉपी वॉर’ पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून पुढे द्यावी. ग्रंथालयात ठेवण्यास हरकत नाही, परंतु देवघेवीच्या खिडकीतून ती एकटीच जाऊ नये. इंग्रजी आणि इतिहास या दोन विभागांनी मिळून चार-पाच तासिका तिला द्याव्यात. त्यांतील पहिली तासिका मेणबत्तीच्या प्रसंगावर असावी, नानजिंगवर नव्हे. गोलिन नीसचे प्रकरण ज्याला वाचावयाचे नसेल त्याला ते वगळण्याची मोकळीक पूर्वसूचनेसह द्यावी. त्याने कथानक समजण्यात अडचण येत नाही. शेवटची तासिका कितायच्या निघून जाण्यावर असावी, आणि त्या दिवशी वर्गात सर्वांचे पुस्तक पूर्ण वाचून झालेले असावे. अर्धे वाचून सोडलेले हे पुस्तक न वाचलेल्यापेक्षा अधिक त्रासदायक आहे.